चव्वेचाळीस अंशांचं गाव

मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. उभा जन्म जळगावात शाळेत मराठी शिकवण्यात गेला, त्यामुळे बोलायचं मी आणि ऐकायचं समोरच्यानं ही सवय हाडात मुरलेली. पण गेल्या महिन्यात रावेरला अक्काच्या ओसरीवर बसून मी निमूटपणे शिकून घेतलं, कारण शिकवणारी अक्काची नात होती. ती अमेरिकेत जन्मली, तिथेच वाढली, आता तिथेच नोकरी करते. मी तिच्याकडे राहायला जाणार आहे, आणि तेही एकटी, म्हणून ही पोरगी माझ्या मोबाइलमध्ये एकेक ॲप भरत होती. एकात नेट नसलं तरी नकाशा दिसतो. एकात आपण मराठीत बोललो की मोबाइल इंग्रजीत बोलतो, आणि माझ्यापेक्षा बरं बोलतो. एक विमान कुठल्या दारातून सुटणार ते सांगतं, एक रुपयांचे डॉलर करून दाखवतं, आणि एक तिथली हवा सांगतं. "मावशीआजी, आता तुला कुणाला काही विचारायलाच नको," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, अगं बयो, तुझ्या जन्माच्या वेळी आमच्या अख्ख्या घरात ही सगळी ॲपं म्हणजे मीच होते. आणि हवेचं खातं तर आम्ही सगळ्यांनी मिळून असं काही सांभाळलं होतं की आजही आठवलं की हसू फुटतं. 

अक्का माझी थोरली बहीण. आमचं माहेर धुळ्याकडचं, नरडाण्याजवळच्या खेड्यातलं, ज्वारी-बाजरीचं. तिथून तिला रावेरला केळीच्या बागाईतदाराच्या घरी दिली. सासरची बोली वेगळी, ती तिनं उचलली, पण मन भरून आलं किंवा संताप आला की तोंडातून माहेरचंच निघायचं. तिच्या यजमानांना सारा गाव नाना म्हणतो, म्हणून आम्हीही नाना म्हणतो. बोलायला अगदी कंजूष माणूस. मात्र हवेवर बोलायला लावा, मग ऐकत बसा. केळीवाल्याचं अर्धं लक्ष कायम आभाळात असतं. उन्हाळ्यात गरम वारा सुटला की पानं फाटतात, म्हणून बागेभोवती शेवरीची दाट ओळ लावायची. थंडी पडली की केळी पिवळी पडते, घड बाहेर यायचा तो गळ्यातच अडकतो. नाना उन्हाला कधी घाबरले नाहीत. थंडी म्हटलं की मात्र त्यांच्या कपाळावर आठ्या पडत.

त्याचं खरं कारण केळी नव्हतं, अक्का होती. तिला दमा. उन्हाळाभर ती बैलासारखी काम करायची आणि थंडी सुरू झाली की छातीला हात लावून बसायची. एका पौषात तिला जळगावच्या दवाखान्यात आणून नाकाला नळी लावावी लागली. तेव्हा नाना कॉटशेजारच्या स्टुलावरून उठायलाच तयार नव्हते. मी डबा नेला तर म्हणाले, ठेव तिथे. संध्याकाळी पाहिलं तर डबा तसाच बंद. तेव्हापासून रावेरच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की हिला कुठेही न्या, फक्त थंडीत नेऊ नका.

दोघांना एकच मुलगी. ती लग्न करून शिकागोजवळच्या एका गावात गेली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा अक्का हरखून गेली. लगेच पासपोर्टच्या मागे लागली. तिच्या जन्माचा दाखला माहेरच्या तालुक्यातून काढायचा होता, त्यासाठी आम्ही दोघी बहिणी एस.टी.नं धुळ्याला आणि तिथून शिंदखेड्याला खेपा घालत होतो. एरवी चिडचिड झाली असती, पण अक्का खिडकीत बसून गुणगुणत असायची. तिला आवाज काही फार नाही. पण ती खुशीत असली की सतत काहीतरी गुणगुणते, लग्नातली गाणी, जात्यावरची, अर्धी विसरलेली. पासपोर्ट झाला, मुंबईला जाऊन व्हिसाचा शिक्काही बसला. आणि जायची वेळ आली ती नेमकी हिवाळ्यात.

तिथे तेव्हा बर्फ. डॉक्टर नको म्हणाले. नाना तर मोठ्यानेच नको म्हणाले, आणि नाना मोठ्याने म्हणाले की विषय संपला. अक्का गेली नाही. सातव्या महिन्यात मुलीचं बाळ गेलं. जावई कामाच्या गावी अडकलेले, रस्ते बर्फानं बंद, आणि पोरगी दवाखान्यात एकटी. फोनवर ती रडलीसुद्धा नाही. तिनं फक्त एवढंच सांगितलं की आई, सगळं झालं.

त्यानंतर अक्काचं गुणगुणणं बंद झालं. नानांना ती एका शब्दानं बोलली नाही. वेळेवर भाकरी वाढायची, चहा द्यायची, बागेत डबा पाठवायची. भांडली असती तर बरं झालं असतं. मी एकदा तिला म्हटलंही, अगं बोल ना काहीतरी, मन मोकळं कर. तर ती म्हणाली, काय बोलू, त्यांनी माझ्या जिवासाठीच अडवलं. हे खरंच होतं, आणि म्हणूनच त्या घरात बसवत नव्हतं.

पुढच्या वर्षी मुलीला पुन्हा दिवस गेले. या वेळची तारीख वैशाखातली होती. तिनं आईला फोनवर सांगितलं, या वेळी तू ये. अक्का नानांपुढे उभी राहिली आणि मला जायचंय म्हणाली. नानांनी नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही. ते म्हणाले, तिथे तेव्हा हवा कशी असते ते आधी कळू दे.

आता हे कळायचं कसं? तिथली माणसं सांगतील ते नानांना पटणार नव्हतं. पोरीला आई हवी आहे, ती गोडच सांगणार, असं त्यांचं म्हणणं. आणि इथे माझा प्रवेश झाला. जळगावात बसस्टँडकडच्या रस्त्यावर एका गृहस्थांचं फोनचं बूथ होतं, त्यांनी तिथेच मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणून इंटरनेट सुरू केलं होतं. मी शाळेतून येता येता तिथे डोकावले आणि अडकले. भाचीची ई-मेल यायची म्हणून माझं जाणं वाढलं. तिनं आईच्या प्रवासासाठी मला वेबसाइटचे पत्ते पाठवले होते. एकावर विमान कुठे पोचलं ते दिसे. एकावर विमानतळांचे नकाशे होते. एकावर कुठल्याही गावाची हवा. घरात मी एकदम मोठी झाले. ज्या नणदेनं माझ्या पुरणपोळीला कधी बरं म्हटलं नव्हतं, ती मला चारचौघींत इंटरनेटवाल्या बाई म्हणू लागली.

चैत्रातल्या एका सकाळी नाना रावेरहून आले, म्हणाले चल, दाखव. मागच्या खोलीत पंखा गरगरत होता, दाराला वाळ्याचा ओला पडदा लावलेला. फोनची लाइन लागायची नाही, लागली की यंत्र किंचाळायचं, मग पान वरून खाली एकेक ओळ उतरायचं. नाना खुर्चीच्या टोकावर बसून एकटक पाहत होते. आधी गावाचं नाव आलं. मग ढगाचं अर्धं चित्र. मग आकडा. चव्वेचाळीस.

नानांनी खिशातून त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढलं. जळगावचं तापमान, चव्वेचाळीस.

दुसरीकडचा कुणी असता तर दचकला असता. पुण्याचा माणूस म्हणाला असता, छे, अमेरिकेत एवढं ऊन कसं असेल, काहीतरी चुकतंय. पण आम्ही पडलो जळगावची माणसं. आमच्याकडे चव्वेचाळीस म्हणजे चैत्र. सत्तेचाळीस झालं की आम्ही आज जरा ऊन आहे म्हणतो. बूथवाले गृहस्थ म्हणाले, अरे वा, अगदी आपल्यासारखंच. मीही मान हलवली. आकड्याच्या शेजारी एक बारीक इंग्रजी अक्षर होतं, पण त्या पानावर अशी अक्षरं ढिगानं होती, त्यातल्या एकाकडे कोण बघतो? त्या एका आकड्यानं आमच्या घरावरचं दडपण उतरवलं. नाना पाठ टेकून नीट बसले आणि म्हणाले, "मग जाऊ दे तिले. ही तर आपलीच हवा हाये."

ते पान त्यांनी छापून घेतलं, घडी करून खिशात ठेवलं आणि रावेरच्या पारापासून केळीच्या वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना दाखवलं. आणि मग थंडीची काळजी गेली तशी त्यांना उन्हाची लागली. अक्काच्या बॅगेचा ताबा त्यांनी घेतला. पांढरी सुती पातळं. डोक्याला बांधायला उपरणं. पन्ह्यासाठी उकडून आटवलेल्या कैरीचा गोळा. सब्जा. पर्समध्ये कांदा, ऊन लागू नये म्हणून. मुलीसाठी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू होतेच. बॅग केळीच्या काट्यावर तोलली तर वजन जास्त भरलं. तेव्हा नानांनी स्वतः बॅग उघडली, तळाशी ठेवलेला अक्काचा लोकरी स्वेटर बाहेर काढला आणि म्हणाले, हा कशाले पाहिजे चव्वेचाळीसात. अक्का बघत होती.

मी आपली विमानतळाच्या मागे लागले होते. वाटेत एके ठिकाणी विमान बदलायचं होतं. तो नकाशा मी वेबसाइटवरून उतरवून घेतला आणि रावेरच्या अंगणात रांगोळीनं आखला. इथे उतरायचं, इथे सरकता जिना, इथून डावीकडे, आणि तुळशीजवळ आपलं दार. अक्काला पर्स खांद्याला लावून मी त्यावरून चालवायची. ती दर वेळी जिन्याच्या जागी पदर आवरून मोठी टांग टाकायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर ती एकटीच चालत होती, आणि गुणगुणत होती. मी दारातच थांबले. इतक्या महिन्यांनी तो बेसूर आवाज ऐकून मला रडूच आलं.

जायच्या आदल्या आठवड्यात मी तिला जळगावच्या बूथवर नेलं, मुलीशी शेवटचं बोलून घ्यायला. काचेच्या त्या खोक्यात एकच माणूस मावायचा. मी बाहेर उभी. अक्का आधी हसत बोलत होती, मग एकदम गप्प झाली, बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे पाठ करून ती हळू काहीतरी बोलली. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणाली, काही नाही, वाट पाहते म्हणाली.

त्यानंतर दोनच दिवसांनी नाना डॉक्टरांकडे गेले. छापलेलं पान त्यांनाही दाखवायचं होतं, तुमच्या अटीत बसतं बघा म्हणून. परत आले ते हातात औषधांची मोठी पिशवी घेऊन. दम्याचे पंप, गोळ्या, इतक्या की दुकान टाकता आलं असतं. मी चेष्टा केली, नाना, तिथे दुष्काळ आहे का औषधांचा? ते हसले नाहीत. पिशवी बॅगेत भरली आणि जागेसाठी कैरीचा गोळा काढून टाकला. पुढचे दोन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. बायको पहिल्यांदा इतक्या लांब चाललीय, होतं माणसाला, असं आम्ही समजलो.

जळगाव स्टेशनवर सगळे आलो होतो. मी आणि माझे यजमान अक्काला मुंबईला पोचवणार होतो. नानांचंही तिकीट होतं, पण ऐन वेळी ते म्हणाले, मी नाही येत, बागेत पाणी सोडायचंय. मला भयंकर राग आला. बाई एवढ्या लांब चाललीय आणि यांना पाणी सुचतंय! मी तसं बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं. गाडी लागली, अक्का खिडकीशी बसली. प्लॅटफॉर्मवर अंगाची लाही होत होती. तेवढ्यात नानांनी बगलेतली पिशवी उघडली आणि स्वतःची तपकिरी, जाड लोकरीची शाल काढून खिडकीच्या गजांतून आत सारली. आजूबाजूचे लोक हसायला लागले. त्या उन्हात लोकर! माझे यजमानही हसले. नाना कुणाकडेही न बघता म्हणाले, "विमानात गार असतं म्हणे."

अक्कानं ती शाल मांडीवर घेतली आणि गाडी सुटली.

तिचं विमान उतरणार होतं त्या दिवशी मी सुट्टी टाकून बूथवर बसले होते. पान उघडायचं, पुन्हा उघडायचं. शेवटी विमान पोचल्याचं त्यावर आलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. घरी आले तर नाना आमच्याकडे येऊन बसलेले, फोनकडे बघत. संध्याकाळी फोन आला. नानांनी रिसीव्हर घेतला आणि मुलीला पहिला प्रश्न काय केला, तर धाप लागली का तिला. लागली नाही म्हटल्यावर त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

भाचीनं मला विचारलं, बाबा जवळ आहेत का? नाहीत म्हटल्यावर तिनं खरं काय ते सांगितलं. तिथलं चव्वेचाळीस म्हणजे आपलं चव्वेचाळीस नव्हेच. त्यांच्याकडे अंश वेगळे मोजतात. त्यांचं चव्वेचाळीस म्हणजे आपलं सात. गार वारा सुटलेला, झाडांना पान नाही. अशा हवेत आमची अक्का पांढरं सुती पातळ नेसून, डोक्याला उपरणं बांधून दारातून बाहेर आली. पर्समधला कांदा तिथल्या साहेबानं काढून घेतला होता. पण अंगावर ती जाड शाल होती, आणि बाहेर मुलगी हातात कोट घेऊन उभी होती, कारण आईनंच तिला तो आणायला सांगितलं होतं. बूथवरच्या त्या फोनमध्ये. म्हणजे अक्काला सगळं माहीत होतं. तरी ती गेली. "मावशी, बाबांना सांगू नकोस," भाची म्हणाली, "आईनं शपथ घातलीय."

मी बाहेर आले. नानांनी मान वर करून पाहिलं. मी म्हटलं, मजेत आहे, ऊन फार आहे म्हणे.

"असंल," नाना म्हणाले.

त्यानंतर माझी पंचाईतच झाली. नाना दर आठवड्याला जळगावला यायला लागले आणि मला बूथवर घेऊन जायला लागले, आकडा बघायला. आता आकडा पन्नास झाला, पंचावन्न झाला. मी कधी म्हणायची लाइन बंद आहे, कधी वेबसाइट बिघडलीय. ते ऐकत नसत, बसून राहत. एकदा पानावर साठ उतरले. उन्हाची नस न् नस ओळखणारा हा माणूस, साठ अंशात माणूस जगतो कसा असं विचारणार, आणि मी काय सांगणार? नानांनी आकडा पाहिला, खिशातून सुपारीचं खांड काढून तोंडात टाकलं आणि म्हणाले, वाढतंय, बरं झालं. मी म्हटलं, बायकोवाचून यांचं डोकं चालेनासं झालंय. आणि हायसं वाटून त्यांना घरी जेवायला नेलं.

वैशाख सरता सरता मुलगी झाली. दोघी सुखरूप. अक्काला एकदा धाप लागली होती, पंपावर भागलं. नाना रावेरच्या सगळ्या गल्लीत पेढे वाटत फिरले. तिथला हिवाळा लागायच्या आत अक्का परत आली, थोडी उजळलेली, तपकिरी शाल हातावर टाकून. घरात पुन्हा तिचं गुणगुणणं सुरू झालं. तो आकडा पुढे कुणी काढला नाही. मी अक्काची शपथ पाळली, आणि नानांना बिचाऱ्यांना काही कळलंच नाही असं समजून माझी इतकी वर्षं गेली.

तर गेल्या महिन्यात ओसरीवर ती मुलगी माझ्या मोबाइलमध्ये तिच्या गावाची हवा भरत होती. अक्का खाली बसून मेथी निवडत होती. नाना आता पुष्कळ थकलेत, खाटेवर पडूनच असतात. त्यांनी हात पुढे केला, म्हणाले, बघू. डोळ्यांजवळ मोबाइल नेऊन बराच वेळ पाहिला. मग नातीला विचारलं, हा आकडा त्यांचा का आपला? ती म्हणाली, आजोबा, तुमचाच, मावशीआजीला कळावं म्हणून बदलून दिलाय.

"बरं केलं," नाना म्हणाले. "त्यांचे चव्वेचाळीस म्हणजे आपले सातच होतात."

अक्काचा मेथीवरचा हात थांबला. मी विचारलं, नाना, हे तुम्हाला कधी कळलं? ते म्हणाले, ती जायच्या आधी. डॉक्टरांनी पान बघून त्यांना तिथेच सांगितलं होतं, की ही थंडी आहे, पाठवू नका. ते जाणं रद्द करायचं असं ठरवूनच घरी निघाले होते. दाराशी आले तर अक्का लाडू वळत होती आणि गुणगुणत होती. ते बाहेरूनच परत फिरले, पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, लागतील तेवढी औषधं द्या. नाना हे सगळं तुकड्या-तुकड्यानं सांगत होते, आढ्याकडे बघत. "आधीच्या खेपेला मीच अडवलं होतं," ते म्हणाले. "पुन्हा मीच अडवू? मुंबईपर्यंत आलो असतो ना, तर बोलून गेलो असतो."

स्टेशनवर मी त्यांना पाण्यावरून काय काय बोलले होते ते मला आठवलं. नात आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे पाहत होती.

अक्का म्हणाली, "माले बी म्हाईत व्हतं. पोरनी फोनवर सांगेल व्हतं."

नानांनी मान वळवली. "मग बोलली का नाही?"

"तुम्ही जाऊ देतात का माले?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. "दिलं ना पण," ते म्हणाले.

इतकी वर्षं अक्का मनात एक ओझं वागवत होती, की आपण नवऱ्याला फसवून गेलो. मला ते माहीत होतं, तिनंच एकदा सांगितलं होतं. आणि तो खाटेवरचा माणूस ती परत येईपर्यंत दर आठवड्याला एसटीत बसून तो आकडा वाढतोय का ते बघायला येत होता. मला तिथे बसवेना. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

अक्का गुडघ्यावर हात देऊन उठली, पदरानं डोळे पुसत आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती तपकिरी शाल होती, कडेला विरलेली, डांबरगोळ्यांचा वास येणारी. तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली, मोबाइलच्या वरच.

"घेऊन जा," ती म्हणाली. बोलत माझ्याशी होती, पण बघत नानांकडे होती. "इमानमा गार ऱ्हास."